भा. रा. भागवत यांचे बालसाहित्य आणि सीमाभागातील बालवाचक : पांढुर्णा-सौंसर परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना

मराठी बालसाहित्याची चर्चा बहुधा पुण्यात सुरू होते आणि मुंबईत संपते. भास्कर रामचंद्र भागवत (१९१०-२००१) यांचे नाव त्या चर्चेत अग्रभागी असते. पण त्यांचा जन्म इंदूरचा, म्हणजे आजच्या मध्यप्रदेशातला, ही गोष्ट सहसा कोणी लक्षात घेत नाही. जन्मस्थानावरून लेखकाचे मूल्यमापन होत नाही हे खरे. तथापि महाराष्ट्राबाहेर मराठी बोलणाऱ्या मुलांना शिकवणाऱ्या अध्यापकांनी या लेखकाकडे पुन्हा पाहावे, यासाठी एवढे निमित्त पुरेसे आहे.

पांढुर्णा आणि सौंसर हा त्याच प्रकारचा प्रदेश. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत नागपूरसह विदर्भाचे जिल्हे मुंबई राज्यात गेले. छिंदवाडा मध्यप्रदेशात राहिला. २०२३ मध्ये छिंदवाड्यातून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि सौंसर त्यात आले. राज्य बदलले, जिल्हा बदलला, पण संत्र्याच्या बागेत आणि आठवडी बाजारात बोलली जाणारी भाषा मराठीच राहिली. शाळेची भाषा हिंदी झाली. अनेक मुस्लिम घरांतील मुलांची स्थिती याहून गुंतागुंतीची आहे : घरी उर्दू किंवा हिंदी, मोहल्ल्याबाहेर मराठी, मकतबात उजवीकडून डावीकडे जाणारी लिपी. हिंदीमुळे या सर्व मुलांना देवनागरी येते. मराठी त्यांच्या कानावर असते. तरीही आपण बोलतो ती भाषा छापलेल्या पानावर त्यांनी क्वचितच पाहिलेली असते. अशा मुलाच्या हाती भागवतांचे पुस्तक दिले तर काय होईल?

नावे ठेवण्याची कला

भागवतांच्या कल्पकतेविषयी बोलताना समीक्षक प्रथम साहसकथेतील वेगवान घटनांचा उल्लेख करतात. तो योग्यच आहे. पण त्यांची खरी कल्पकता भाषेत आहे. परके वाटणारे काहीही घरच्यासारखे करून घेण्याची त्यांची हातोटी त्यांनी ठेवलेल्या नावांत सर्वांत स्पष्ट दिसते.

'बिपीन बुकलवार' हे नाव घेऊ. हा पुस्तकवेडा मुलगा. 'बुक लव्हर' या इंग्रजी शब्दांना भागवतांनी थेट आडनाव करून टाकले. पुण्यातील वाचकाला त्यातील कोटी कळते आणि तो हसतो. नागपूर-चंद्रपूरकडच्या वाचकाला मात्र यात आणखी एक गंमत सापडते, कारण 'वार'ने संपणारी आडनावे विदर्भात खरोखरीच आहेत. मारोतराव कन्नमवार हे महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होऊन गेले. त्यामुळे बुकलवार हा इकडच्या मुलाला बनावट न वाटता एखाद्या शेजाऱ्यासारखा वाटू शकतो. लेखकाने हे हेतुपुरस्सर केले की सहज घडले, हा प्रश्न येथे गौण आहे.

'उडती छबकडी' हे शीर्षकही असेच आहे. 'उडती तबकडी' हा शब्द वर्तमानपत्रांनी रूढ केला होता. त्यातील एकच अक्षर बदलले आणि आकाशातून येणारी भीतीची वस्तू एकदम लाडकी, नखरेल झाली. मुलांना भाषेशी खेळता येते हे यातून जितके लवकर कळते तितके व्याकरणाच्या धड्यातून कळत नाही.

ज्यूल व्हर्नच्या कादंबऱ्यांची भागवतांनी केलेली रूपांतरे याच दृष्टीने वाचावीत. 'चंद्रावर स्वारी' यातील 'स्वारी' हा शब्द पाहा. व्हर्नच्या १८६५ च्या कादंबरीतील तोफ, गोळा आणि गणित सगळे कायम राहते, पण मराठी वाचकाच्या कानात घोड्यांच्या टापा आणि बखरी वाजू लागतात. 'मुक्काम शेंडेनक्षत्र' हे तर त्याहून सरस. धूमकेतूने पृथ्वीचा एक तुकडा माणसांसकट उचलून नेला, ही व्हर्नची कल्पना. तिला भागवतांनी जणू पोस्टकार्डावरचा पत्ता दिला : मुक्काम अमुक. 'शेंडेनक्षत्र' हा जुना मराठी शब्द; त्यात ताऱ्याला शेंडी आहे. उर्दूत तोच 'दुमदार सितारा' होतो, हिंदीत 'पुच्छल तारा'. एका भाषेने त्याच्या डोक्याकडे पाहिले, दोन भाषांनी शेपटीकडे. पांढुर्ण्याच्या वर्गात हे तिन्ही शब्द आधीपासून हजर असतात. फळ्यावर एकाखाली एक लिहिले की पुढची दहा मिनिटे अध्यापकाला फारसे बोलावे लागणार नाही.

रूपांतराची ही परंपरा मराठीत भागवतांपासून सुरू होत नाही. एकोणिसाव्या शतकात कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी मराठीत आणण्यास आरंभ केला. हातिमताई आणि गुलबकावली फारसी-उर्दूकडून आल्या. मराठी मुलाची अद्भुताची पहिली ओळख बऱ्याच अंशी बगदाद आणि दिल्लीच्या वाटेने झाली आहे. भागवतांनी पॅरिसची वाट उघडली. हा धागा मराठी बालसाहित्याच्या इतिहासात अधिक ठळकपणे नोंदवला जायला हवा.

फास्टर फेणे आणि उर्दू वाचक

बनेश फेणे हा फुरसुंगीचा मुलगा पुण्याच्या विद्याभवन शाळेत शिकतो. किडकिडीत, चौकडीचा शर्ट, सायकल, आणि संकटाची चाहूल लागली की तोंडातून 'ट्टॉक्!' या मालिकेची वीस पुस्तके आहेत. शीर्षकांवरूनच भूगोल दिसतो : 'प्रतापगडावर फास्टर फेणे', 'फास्टर फेणेची काश्मिरी करामत', 'गुलमर्गचं गूढ'. 'चिंकू चिंपांझी आणि फास्टर फेणे' सारखे हलकेफुलके पुस्तकही त्यात आहे. ना. धों. ताम्हनकरांच्या 'गोट्या'चे जग घराभोवती फिरते. फेणे घराबाहेर पडतो तो सहसा जेवणाच्या वेळेपर्यंत परतत नाही.

उर्दू वाचकाला येथे दोन जुने ओळखीचे चेहरे आठवतील. पहिला अम्र अय्यार. दास्ताने अमीर हमज़ातील या चतुर पात्राजवळ एक ज़ंबील असते, ज्यात सारे जग मावते. अडचण आली की हात घालायचा आणि हवे ते काढायचे. फेणेकडे ज़ंबील नाही, सायकल आहे. ती पंक्चर होऊ शकते. त्याची अक्कलही कधी कधी उशिरा चालते. दुसरा चेहरा इब्ने सफ़ी यांच्या 'जासूसी दुनिया'चा. १९५२ पासून अलाहाबादेहून निघणाऱ्या या मालिकेने उर्दू वाचणाऱ्या मुलांच्या कित्येक पिढ्यांना रहस्यकथेचे वेड लावले. पण तेथे गुन्ह्याचा छडा लावणारे प्रौढ होते. मूल फक्त वाचक होते, तेही अनेकदा वडिलांच्या नजरेआड. भागवतांनी छडा लावण्याचे काम मुलाकडेच सोपवले. इस्माईल मेरठींपासून चालत आलेल्या उर्दू बालसाहित्यात हितोपदेशाचा वाटा मोठा आहे आणि त्याचे मोल आहेच. पण तेथे मूल बहुतेक वेळा ऐकणारे असते. फेणे ऐकत नाही. किंबहुना मोठ्यांनी 'जाऊ नकोस' म्हटले की कथा सुरू होते.

'ट्टॉक्' विषयी थोडे. जीभ टाळूला लावून काढलेला हा आवाज कोणत्याच शब्दकोशात नाही, आणि म्हणून तो कोणाच्याही मालकीचा नाही. घरी उर्दू बोलणारे मूल आणि घरी मराठी बोलणारे मूल तो सारखाच काढतात. तो वाचून दाखवताना अध्यापकाने संकोच करू नये.

मर्यादा

या पुस्तकांचे गुणगान करताना त्यांच्या मर्यादा झाकणे संशोधनाला शोभणार नाही. फेणेची बोली पुणेरी आहे. सौंसरचे मूल 'काय करून राहिला?' असे विचारते. फेणेच्या जगात कोणी तसे विचारत नाही. छापील मराठी म्हणजेच शुद्ध आणि आपली ती गावंढळ, असा समज मुलाच्या मनात पक्का होण्याचा धोका येथे आहे. शाळेच्या हिंदीने हा न्यूनगंड एकदा दिलेलाच असतो. तो मराठीकडूनही मिळाला तर मूल दोन्हीकडून उपरे होईल. दुसरे, हे जग प्रामुख्याने मुलग्यांचे आहे. माली ही मुलगी काही कथांत सोबत असते, परंतु मालिकेच्या नावात स्थान फक्त फेणेला. ज्या वर्गात निम्म्या मुली आहेत तेथे हे नजरेआड करता येणार नाही. तिसरे, नायक, त्याची शाळा आणि त्याचे मित्रमंडळ एका विशिष्ट शहरी मराठी वळणाचे आहे. त्या मंडळात आपल्या नावाचा सवंगडी शोधणाऱ्या मुस्लिम मुलाला बराच वेळ शोधावे लागेल.

मालिकेचे नंतरचे रूपही बोलके आहे. १९८७ मध्ये दूरदर्शनने फेणेला पडद्यावर आणले तेव्हा सुमीत राघवन हा किशोरवयीन मुलगाच होता. २०१७ च्या आदित्य सरपोतदार दिग्दर्शित चित्रपटात अमेय वाघ यांचा फेणे वैद्यकीय प्रवेशपरीक्षेला आलेला तरुण झाला. चित्रपट चांगला चालला, पण मुलाकडे सोपवलेले काम पुन्हा मोठ्यांनी काढून घेतले.

म्हणून सीमाभागातील अध्यापकाने सुरुवात फेणेपासून करावी असे नाही. आधी 'चंद्रावर स्वारी' किंवा 'मुक्काम शेंडेनक्षत्र' मोठ्याने वाचून दाखवावे. तेथे पुणेही नाही आणि पांढुर्णाही नाही, सगळेच वाचक सारखे परके आहेत. नंतर बुकलवार. फेणे तिसऱ्या महिन्यात आला तरी चालेल, आणि त्याचे संवाद मुलांना आपल्या बोलीत पुन्हा म्हणायला लावावेत : 'अरे, तू हे काय करून राहिला बे?' पुढे 'ट्टॉक्' तसाच ठेवावा.