गाणं नेमकं कुठे अडलं?

गाणं मध्येच थांबलं की हात आधी फोनकडे जातो. ॲप बंद करून पुन्हा उघडायचं, फोन बंद करून पुन्हा चालू करायचा, तरी जमलं नाही तर ॲप काढून टाकून नव्यानं घ्यायचं. यातल्या कशानं तरी गाणं सुरू होतं. ते का थांबलं होतं हे मात्र कळत नाही, म्हणून ते पुन्हा थांबतं. जाणकार माणूस बटणाला हात लावण्याआधी कान लावतो. गाणं कुठे थांबलं ते त्याला आधी हवं असतं. रोजच्या त्याच वळणावर? गाण्याच्या त्याच सेकंदाला? की स्क्रीन बंद झाल्यावर ठरावीक वेळानं? शांतता तिन्ही वेळा सारखीच ऐकू येते, पण दुखणं तीन वेगळ्या जागी असतं. ठेका कोणत्या मात्रेला चुकला हे ओळखणारा कान इथेही उपयोगी पडतो. आणि बिघाड असे ऐकत गेलं की प्लेअर घडवणाऱ्यांची कारागिरी दिसायला लागते. सगळं सुरळीत चालू असताना ती कधीच ऐकू येत नाही.

आधी वळणावरचा बिघाड घेऊ. धुळ्याहून सुरतेकडे निघालं की कुसुंबा, नेर, साक्री हा भाग बराचसा मोकळा आहे. पुढे कोंडाईबारीचा घाट लागतो. डोंगर आडवा आला की रेंज जाते. पण रेंज गेली त्या क्षणी गाणं थांबत नाही, आणि इथेच कान द्यायचा आहे. रेंजच्या रेघा नाहीशा झाल्यावरही गाणं काही काळ चालूच राहतं, कारण आपण ऐकतोय त्याच्या पुढचा तुकडा फोननं आधीच आणून ठेवलेला असतो. यालाच बफर म्हणतात. नळाला रोज पाणी न येणाऱ्या गावात गच्चीवरची टाकी जे काम करते तेच काम हा साठा करतो. सेकंदाला 160 किलोबिटच्या दर्जाचं तीस सेकंदांचं गाणं म्हणजे साधारण 600 किलोबाइट, आणि 24 किलोबिटचं तेवढंच गाणं म्हणजे जेमतेम 90. दर्जा उतरवला की त्याच अशक्त नेटमध्ये साठा सहापटीहून जास्त वेगानं भरतो. घाट येण्याआधी दर्जा उतरवायचा तो यासाठी, घाटात शिरल्यावर नव्हे.

या साठ्याचं खरं सौंदर्य मात्र तो संपल्यानंतर दिसतं. गूगलनं सर्वांसाठी खुला केलेला एक्झोप्लेअर हा प्लेअर अनेक अँड्रॉइड ॲपांच्या पोटात असतो. त्यात अनेक वर्षं एक मूळ हिशेब होता: पहिल्यांदा वाजवायला अडीच सेकंदांचा साठा पुरे, पण एकदा अडखळल्यावर पाच सेकंदांचा साठा झाल्याशिवाय पुन्हा सुरू करायचं नाही. म्हणजे पहिल्या खेपेला ऐकणाऱ्याची उत्सुकता सांभाळायची, आणि ठेच लागल्यावर त्याचा विश्वास. अर्धा शब्द, थांबणं, पुन्हा अर्धा शब्द अशी तुटक फरफट कानाला फार लागते, एकच लांब थांबा त्यामानानं सोसवतो. ज्यानं दुसरा आकडा दुप्पट ठेवला त्याला ऐकणाऱ्याचं मन कळत होतं, असं मला हे आकडे वाचताना दर वेळी वाटतं.

वळण घाटातलंच असायला हवं असं नाही. धुळ्याच्या देवपुरातल्या घरातून गाडी काढली, फाटकाबाहेर आलो आणि गाणं अडलं, हेही रोज त्याच जागी घडतं. फोन घरच्या वायफायचा शेवटचा धागा सोडायला तयार नसतो, आणि त्या धाग्यावरून काही येत नसतं. निघताना वायफाय बंद केलं की काम झालं. पण मोबाइलच्या नेटवर गेल्यावर गाणं पहिल्यापासून सुरू होत नाही, याकडेही लक्ष द्यायला हवं. प्लेअर सर्व्हरला सांगतो की एवढे बाइट माझ्याकडे पोचले आहेत, पुढचे दे. जोडणी तुटून नवी झालेली असते, तरी गाण्याची ओळ जुळून येते, आणि सांधा कुठे पडला ते कानाला सापडत नाही.

आता गाण्याच्या त्याच सेकंदाला येणारा थांबा. घरी अडतं, बसस्थानकात अडतं, वायफायवरही अडतं, आणि दर वेळी 1 मिनिट 52 सेकंदांवरच अडतं. तेव्हा नेटला दोष देऊ नये. एकदा ऐकलेलं गाणं ॲप कॅशेमध्ये जपून ठेवतं, म्हणजे पुन्हा ऐकताना ते नव्यानं आणावं लागत नाही. त्या जपलेल्या प्रतीत एक तुकडा खराब झालेला असतो. फोनच्या सेटिंगमध्ये त्या ॲपच्या पानावर दोन बटणं शेजारी शेजारी असतात: कॅशे साफ करा आणि डेटा साफ करा. पहिल्यानं फक्त ती तात्पुरती प्रत जाते. दुसऱ्यानं लॉगिन जातं आणि डाउनलोड करून ठेवलेली गाणीही जातात. घाईत दुसरं बटण दाबलं जातं आणि अख्खा संग्रह पुन्हा उतरवावा लागतो.

तिसरा थांबा घड्याळाशी बांधलेला असतो. स्क्रीन बंद करून फोन खिशात टाकला की थोड्या वेळानं गाणं बंद, आणि फोन बाहेर काढून स्क्रीन लावली की सगळं ठीक. हे बॅटरी वाचवण्याचं काम आहे. अँड्रॉइडच्या सहाव्या आवृत्तीपासून, म्हणजे 2015 पासून, पडून असलेल्या फोनमधली ॲपं झोपवण्याची सोय आली, आणि काही फोन कंपन्यांनी त्यावर आपले आणखी कडक नियम चढवले. त्या ॲपपुरती बॅटरीची बंधनं उठवली की बहुतेक वेळा हा थांबा जातो. पण बहुतांश फोनांत गाणं झोपत नाही ते कशामुळे? नोटिफिकेशनमध्ये विराम-चालूच्या बटणासह गाण्याची जी पट्टी दिसते ती केवळ सोयीसाठी नसते. मी पडून नाही, माझं काम चालू आहे, असं ॲप त्या पट्टीतून फोनला सांगत असतं.

घड्याळावरूनच आणखी दोन बिघाड ओळखता येतात. रात्री नऊ-दहाला अडतं आणि पहाटे अडत नाही, तर टॉवरवर गर्दी आहे. मे महिन्याच्या दुपारी अडतं आणि संध्याकाळी अडत नाही, तर फोन तापला आहे. ॲपल आपले फोन 0 ते 35 अंश तापमानात वापरायला सांगतं. खानदेशात उन्हाळ्याचा पारा कित्येक दिवस चाळिशीच्या वर असतो, आणि गाडीच्या काचेखाली ठेवलेला फोन तर त्याहून तापतो. तापलेला फोन स्क्रीन मंद करतो, चार्जिंग थांबवतो, स्वतःची चालही कमी करतो. त्याला सावलीत घ्यावं, चार्जर काढावा. फ्रीजमध्ये ठेवू नये, आत पाण्याचा अंश धरतो.

काही थांबे मात्र बिघाड नसतातच, ते ॲपचे शिष्टाचार असतात, आणि मला त्यांचं विशेष कौतुक आहे. नकाशातली बाई बोलायला लागली की गाणं स्वतःहून हळू होतं आणि तिचं बोलणं संपलं की पूर्ववत होतं. फोन आला की थांबतं, आणि बोलणं संपल्यावर तिथूनच पुढे जातं. पण दुसऱ्या एखाद्या प्लेअरनं गाणं सुरू केलं तर पहिलं थांबतं आणि आपण होऊन परत येत नाही. बाजूला सरणं, क्षणभर थांबणं आणि जागा सोडणं, असे तीन वेगळे हुकूम अँड्रॉइडमध्ये आहेत, आणि चांगलं ॲप ते तिन्ही वेगवेगळे पाळतं. इअरफोनची पिन निघाली की गाणं थांबतं, कारण नाहीतर ते भर एसटीत स्पीकरवर सुरू झालं असतं. म्हणून पिन थोडी हलली की गाणं थांबत असेल तर ॲपची तक्रार करण्याआधी फोनचं भोक उजेडात धरून पाहावं. खिशातला कापसाचा तंतू आत दबून बसलेला सापडतो. गाणं एकदम थांबून ॲपमध्ये दुसऱ्याच फोनचं नाव दिसायला लागलं, तर पुण्यात शिकणाऱ्या मुलानं त्याच खात्यावर गाणं लावलेलं असतं. एकट्याच्या खात्यावर सहसा एका वेळी एकाच ठिकाणी वाजतं.

ब्लूटूथवरचं तुटणं लगेच ओळखू येतं. गाण्याची वेळ पुढे सरकत राहते, आवाज मात्र मधूनमधून गळतो. त्याच्या लहरी 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातल्या, आणि शरीरातलं पाणी त्या लहरी शोषतं. फोन मागच्या खिशातून पुढच्या खिशात घेतला तरी फरक पडतो. वायर लावून पाहावी. वायरीवर ठीक वाजलं तर दोष हवेतल्या वाटेचा.

थांबण्याचे बिघाड कोणालाही कळतात. रंग उडण्याचा बिघाड कानसेनालाच कळतो, आणि ऐकण्याची खरी मजा इथे आहे. गाणं चालू असतं, पण तानपुरा पाण्याखालून आल्यासारखा वाटतो आणि झांजेची धार बोथट होते. नेट कमी पडल्यावर ॲपनं गुपचूप दर्जा उतरवलेला असतो. स्पॉटिफायच्या नेहमीच्या पायऱ्या साधारण 24, 96, 160 आणि 320 किलोबिट अशा आहेत. सीडीतून सेकंदाला सुमारे 1,411 किलोबिट वाहतात, म्हणजे 96 वर पंधरा भागांतला जेमतेम एक उरतो, आणि तरी गाणं ओळखता येतं, आवडतंही. हे कसं साधतं? मोठ्या सुराच्या आडोशाला त्याच्या जवळचा बारीक सूर कानाला ऐकू येत नाही. हे आवरण कुठवर पसरतं याचा हिशेब मांडून संगणक झाकलेला भाग टाकून देतो. सगळ्यात खालच्या पायरीवर तर वरचे सूर जवळजवळ पाठवलेच जात नाहीत. खालच्या पट्टीतल्या सुरांची नक्कल वर चढवायची आणि तिचा घाट कसा असावा एवढी थोडकी सूचना सोबत द्यायची. म्हणजे झांजेची जी किणकिण आपण ऐकतो ती बरीचशी फोनमध्येच रचलेली असते. ती बोथट वाटली तर नवल नाही. ती एवढी खरी वाटते याचंच नवल.

या विद्येची खरी परीक्षा मात्र संबळ घेतो. खानदेशातल्या जागरण-गोंधळाचं ध्वनिमुद्रण लावावं आणि थापेच्या आधीच्या क्षणाकडे कान द्यावा. आवाज असा आटोपशीर बांधण्याच्या नेहमीच्या एएसी पद्धतीत तो 1,024 नमुन्यांच्या, म्हणजे ठरावीक अंतरानं टिपलेल्या मोजमापांच्या, गटांनी बांधला जातो, म्हणजे सुमारे 23 मिलिसेकंदांच्या तुकड्यांनी. बांधणीतला गोंगाट त्या अख्ख्या तुकड्यावर पसरतो. थाप तुकड्याच्या शेवटी पडली तर गोंगाट थापेच्या आधीच ऐकू येतो, घाव पडण्याआधीच त्याची खरखर येते. तडाख्याच्या आधीची अशी कुजबुज आपला कान काही मोजके मिलिसेकंदच माफ करतो. म्हणून थाप येते आहे हे दिसताच आवाज बांधणारा प्रोग्राम तो मोठा तुकडा 128 नमुन्यांच्या आठ छोट्या तुकड्यांत मोडतो. प्रत्येक तुकडा तीन मिलिसेकंदांहून कमी, म्हणजे बरोबर माफीच्या मर्यादेत. लांब सुराला रुंद चौकट आणि थापेला अरुंद, हा निर्णय गाण्यात सेकंदाला कित्येकदा होत असतो. तो चुकीचा पडला किंवा किलोबिट अपुरे पडले तर संबळाची कड विरघळते, आणि तेव्हाच ॲपच्या सेटिंगमधला आपोआप दर्जा काढून स्वतःची पायरी ठरवावी. थाप कोरडी आणि टोकदार वाजली की या बांधणीला मी मनोमन दाद देतो.

आवाजाच्या चढउताराचीही तक्रार होते. बहिणाबाई चौधरींच्या ओव्यांना वसंत पवारांनी 'मानिनी' (1961) चित्रपटात चाली दिल्या. त्यातल्या एखाद्या गाण्यापाठोपाठ 'हाई झुमका वाली पोर' हे गाणं लागलं की पहिलं पुसट आणि दुसरं कानात बसणारं. आवाज समान ठेवण्याची सोय बंद असली की असं होतं. ती चालू असली तर प्रत्येक गाण्याचा मोठेपणा मोजून स्पॉटिफाय ते साधारण उणे 14 एलयूएफएस (आवाजाच्या मोठेपणाचं एकक) या पातळीवर आणतं. मोजण्याच्या आंतरराष्ट्रीय मानकात 2011 पासून एक सुंदर कलम आहे: गाण्यातल्या अगदी शांत जागा मोजणीत धरायच्या नाहीत. विरामांमुळे गाणं लहान आवाजाचं ठरत नाही, म्हणून ते उगाच फुगवलंही जात नाही. गायकानं घेतलेला श्वास हिशेबात न धरण्याइतकं भान ते कलम लिहिणाऱ्यांना होतं.

शेवटी जोड. मैफलीतला विलंबित ख्याल एका फाइलमध्ये आणि द्रुत दुसऱ्या फाइलमध्ये असतो, पण तबलजी मध्ये थांबलेला नसतो. फाइल बांधताना सुरुवातीला आणि शेवटी थोडे रिकामे नमुने चिकटतात. ते तसेच वाजले तर समेच्या तोंडाशी खड्डा पडतो. म्हणून बांधणारा फाइलच्या माथ्यावर नोंद ठेवतो की पुढून इतके आणि मागून इतके नमुने कापा, आणि चांगला प्लेअर ती नोंद वाचून तेवढेच काढून टाकतो, एक जास्त नाही की एक कमी नाही. खड्डा ऐकू आला तर सेटिंगमध्ये 'गॅपलेस' चालू आहे का पाहावं, आणि 'क्रॉसफेड' शून्यावर आणावं. ते चार सेकंदांवर राहिलेलं असेल तर विलंबिताचा शेवट द्रुताच्या पहिल्या आवर्तनावर सांडतो, आणि द्रुताच्या बंदिशीचा मुखडा हाती लागत नाही.