पाच शिफारशी आणि 'कमी' हा शेरा

चाचणीच्या गुणांचा उपयोग करून माध्यमिक वर्गातलं शिकवणं कसं सुधारायचं, या विषयावर आराखडा लिहायला घेतलात की एक पुस्तिका हमखास समोर येते. अमेरिकेच्या शिक्षण खात्यातल्या इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशन सायन्सेसने ती २००९ मध्ये काढली. लॉरा हॅमिल्टन यांच्या अध्यक्षतेखालच्या तज्ज्ञगटाने लिहिलेली. तिच्यात पाच शिफारशी आहेत, आणि "संशोधनाने सिद्ध झालं आहे" असं म्हणून त्या सर्रास उद्धृत होतात.

पण पुस्तिका स्वतः काय म्हणते ते बघा. पाचही शिफारशींपुढे पुराव्याचा दर्जा 'कमी' असा छापलाय. याचा अर्थ शिफारशी चुकीच्या आहेत असा नाही हं. त्यांच्यामुळेच मुलांचं शिकणं सुधारलं, हे दाखवणारे पक्के अभ्यास तेव्हा पुरेसे नव्हते, एवढाच. मला तर हा प्रामाणिकपणा पुस्तिकेतला सर्वांत मोलाचा भाग वाटतो.

माझी तक्रार वेगळी आहे. पहिली शिफारस एक चक्र मांडते: माहिती गोळा करा, तिचा अर्थ लावून अंदाज बांधा, शिकवण्यात बदल करा, पुन्हा तपासा. सगळी मेख 'अर्थ लावा' मध्ये आहे. नववीच्या बीजगणितात दोन मुलांना विस्तारसूत्रांवर ५ पैकी २ गुण पडले, असं धरा. एकजण अ अधिक ब च्या वर्गाचा विस्तार सरळ 'अ वर्ग अधिक ब वर्ग' लिहितो. दुसरीला सूत्र येतं, पण वजा चिन्ह आलं की ती गडबडते. गुण तेच, पण उपाय दोन. हा फरक ओळखायला शिक्षकाला विषयातल्या नेहमीच्या चुका माहीत हव्यात. पुस्तिका इथे रेंगाळायला हवी होती. त्याऐवजी पाचपैकी तीन शिफारशी शाळेचं धोरण, डेटा वापरण्याची संस्कृती आणि जिल्ह्याची माहितीप्रणाली यांवर खर्ची पडतात.

आपल्याकडे हे चक्र उचलून आणताना आणखी एक अडचण येते. २०२१ चं राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण (तिसरी, पाचवी, आठवी आणि दहावी) नमुना पद्धतीचं होतं; ते जिल्ह्याचं चित्र दाखवतं, तुमच्या वर्गातल्या मुलाचं नाही. दहावी बोर्डाचा निकाल येतो तेव्हा मुलं शाळा सोडून गेलेली असतात. मग राहतात त्या घटक चाचण्या. त्यांचीही फक्त गुणपत्रकं मागून सरासऱ्या काढत बसलात, तर वर दिलेल्या त्या दोन मुलांतला फरक तुम्हाला कधीच दिसणार नाही.

तेव्हा मुख्याध्यापकांकडे परवानगीचं पत्र न्याल, त्यात गुणपत्रकांबरोबर उत्तरपत्रिकाही मागा. आणि वेळेत मागा, त्या रद्दीत जायच्या आधी.