विहीर, कारागीर आणि वास्तुरूप
('स्टुडिओ मुंबई'च्या गृहकृतींचा शहापूर-मुरबाडच्या संदर्भात विचार)

मुंबईतील समकालीन वास्तुकारांविषयी जे लेखन होते त्यात वास्तूच्या रूपाची चर्चा पुष्कळ आणि ती कशी घडली याची चर्चा थोडी असते. बिजॉय जैन यांच्या 'स्टुडिओ मुंबई' या संस्थेच्या बाबतीत ही उणीव विशेष जाणवते. या संस्थेच्या नावाजलेल्या गृहकृती रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आहेत. येथे त्यांचा विचार ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड हे तालुके समोर ठेवून केला आहे. मुंबईकराचे दुसरे घर आता किनाऱ्यापुरते राहिलेले नाही. ते सह्याद्रीच्या पायथ्यापर्यंत आले आहे. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी-आमणे हा अखेरचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाल्यापासून शहापूर तालुका शहराला अधिकच जवळ आला. तेव्हा किनाऱ्यावर सिद्ध झालेल्या आदर्शातून या प्रदेशाने काय घ्यावे, हा प्रश्न केवळ तात्त्विक राहिलेला नाही.

जैन (जन्म १९६५) यांचे शिक्षण अमेरिकेत झाले. तेथे रिचर्ड मायर यांच्या कार्यालयात काम करून ते १९९५ मध्ये परतले. त्यांच्या संस्थेचे वैशिष्ट्य म्हणजे तिची कार्यशाळा. वास्तुकार आराखडा करतो आणि सुतार-गवंडी तो अमलात आणतो, ही रूढ श्रमविभागणी तेथे सैल झाली. लाकडाचा सांधा, खिडकीची झडप यांचे नमुने प्रत्यक्ष करून पाहावयाचे आणि मग निर्णय घ्यावयाचा, अशी ही रीत आहे. व्हेनिस येथील २०१० च्या द्वैवार्षिक वास्तुप्रदर्शनात संस्थेने कार्यशाळेतील नमुने व साहित्यच मांडले, ते याच भूमिकेतून. २०२० मध्ये जैन यांना आल्वार आल्टो पदक मिळाले.

नांदगाव येथील 'पामायरा हाउस' (२००७) ही या पद्धतीची प्रातिनिधिक कृती होय. नारळीच्या वाडीत दोन लांबट इमारती समोरासमोर उभ्या आहेत. जोते काळ्या दगडाचे, सांगाडा ऐनाच्या लाकडाचा आणि बाहेरील झडपा ताडाच्या खोडातून काढलेल्या पट्ट्यांच्या. वाडीतील तीन विहिरींचे पाणी मनोऱ्यावर चढवून तेथून उताराने घरात खेळविले आहे. काशीद येथील 'तारा हाउस'मध्ये (२००५) अंगणाखाली भूगर्भातील पाण्याने भरलेले एक दालनच आहे. म्हणजे या वास्तूंत पाणी ही केवळ सोय नसून ते रचनेचे एक अंग आहे.

आता शहापूर-मुरबाडकडे वळू. येथे समुद्राचा वारा नाही. उन्हाळा अधिक तापतो, आणि माळशेजच्या बाजूला पाऊस वाऱ्याबरोबर आडवा येतो. किनाऱ्यावर जी झडप वारा आत घेते, तीच येथे पावसालाही वाट देईल. येथील ठाकूर व महादेव कोळी समाजांच्या जुन्या घरांनी याचे उत्तर निराळे शोधले होते: कारवीचा कूड, त्यावर शेणमातीचा लेप, खाली उतरलेले छप्पर आणि पावसाला अंगावर घेणारी पडवी. कूड भिजला, झिजला तर घरचीच माणसे तो पुन्हा लिंपीत. दुरुस्ती हा त्या वास्तूच्या कल्पनेचाच भाग होता. म्हणून ताडाच्या पट्ट्या व काळे जोते यांचे अनुकरण म्हणजे 'स्टुडिओ मुंबई'चे अनुसरण नव्हे. त्या संस्थेची रीत येथे आणली, तर ती बहुधा पडवीपाशी व कुडापाशीच येऊन पोहोचेल.

परंतु खरी कसोटी पाण्याची आहे. तानसा (१८९२), मोडकसागर आणि भातसा हे मुंबईला पाणी देणारे जलाशय शहापूर तालुक्यातील आहेत. एकट्या भातसातून शहराच्या पुरवठ्याचा जवळजवळ निम्मा भाग येतो. त्याच तालुक्यातील अनेक पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. अशा ठिकाणी नागर यजमानासाठी खोदलेली विहीर किंवा कूपनलिका ही निव्वळ खासगी बाब राहत नाही. नांदगावच्या वाडीत जी स्वयंपूर्णता म्हणून शोभते, ती येथे शेजारच्या विहिरीची पातळी खाली नेणारी ठरू शकते.

एका खासगी घरावर समाजाच्या न्यायाचे ओझे का टाकावे, असा आक्षेप कोणी घेईल. तो अगदीच निराधार नाही. वास्तुकार जलनीती ठरवीत नाही. तथापि ज्या संस्थेने कारागिराला आराखड्यात आणि विहिरीला रचनेत स्थान दिले, तिच्या कृतींचे मूल्यमापन तिच्याच मापाने करणे अन्यायाचे नाही. ते माप लावले असता दिसते ते असे: कारागिराचे कौशल्य या वास्तूंनी सन्मानाने स्वीकारले, पण त्यांतील घर बहुधा अधूनमधून येणाऱ्या संपन्न माणसाचे राहिले, आणि विहिरीचा विचार कुंपणाच्या आतच थांबला.

ही मर्यादा मान्य करूनही या कार्याचे मोल कमी होत नाही. जागेवर, हाताने आणि सावकाश ठरवावयाचे, हा त्याचा धडा टिकाऊ आहे. शहापूर-मुरबाडमध्ये काम करू पाहणाऱ्या अभ्यासकाने तोच धडा कुंपणापलीकडे न्यावा. आराखड्याआधी भोवतालच्या विहिरींची वैशाखातील पातळी मोजावी, छपराचे पाणी जमिनीत कोठे मुरेल ते ठरवावे आणि कूड लिंपणाऱ्या हातांना कामाबरोबर निर्णयातही वाटा द्यावा. वास्तूचे रूप त्यानंतर ठरवावे.