तीन सूचिपत्रें आणि एक तारपा

पुस्तकांचीं परीक्षणें करणें हा मासिकांचा नित्याचा व्यवसाय. नाटकांचीं व चित्रपटांचीं परीक्षणेंही आतां रूढ झालीं आहेत. परंतु विक्रीस काढलेल्या मालाच्या यादीचें परीक्षण करावें, ही कल्पना बहुतेक वाचकांस चमत्कारिक वाटेल. वाण्याच्या दुकानांतील यादीचा आणि रसिकतेचा संबंध काय, असें कोणी विचारल्यास तो प्रश्न अगदींच गैर म्हणतां येणार नाहीं. तथापि ध्वनिमुद्रिका काढणाऱ्या कंपन्यांच्या जुन्या सूचिपत्रांची गोष्ट निराळी आहे. अमक्याचें गाणें राखून ठेवण्याजोगें आहे आणि तमक्याचें नाहीं, हा निर्णय तेथील प्रत्येक ओळीमागें उभा असतो. आणि असा निर्णय करणें यालाच आपण टीका म्हणतों. फरक एवढाच कीं, टीकाकार आपलीं कारणें सांगतो, सूचिपत्र तीं सांगत नाहीं. तीं वाचकालाच शोधून काढावीं लागतात. मिनिटास ७८ फेरे घेणाऱ्या तबकड्यांच्या युगांत महाराष्ट्रांत ज्या छापांची परस्परांशीं चढाओढ चालली, त्यांपैकीं हिज मास्टर्स व्हॉइस, ओडियन आणि यंग इंडिया या तिहींच्या मराठी याद्या संग्राहकांच्या कृपेनें आम्हांस पाहावयास मिळाल्या. त्या शेजारीं शेजारीं ठेवून वाचतांना जें दिसलें, तें येथें मांडावयाचें आहे.

तिहींत पहिल्या छापाचा मान अर्थातच मोठा. ग्रामोफोन कंपनीचे तंत्रज्ञ फ्रेडरिक गायसबर्ग हे १९०२ सालीं कलकत्त्यास आले व तेथें त्यांनीं नोव्हेंबरांत गाणीं मुद्रित केलीं. हिंदुस्थानांतील या धंद्याचा आरंभ तेथून धरतात. १९०८ सालीं कलकत्त्यास सियाल्दा येथें कारखाना निघेपर्यंत तबकड्या जर्मनींत हॅनोव्हर येथें छापून येत. तेथील कारागिरांस गाणारा कोण हें कळावें म्हणून गाणें संपतांच गायकानें आपलें नांव मोठ्यानें उच्चारावें, अशी त्या काळीं प्रथा पडली. गोहरजानच्या तबकड्यांच्या शेवटीं तिनें इंग्रजींत उच्चारलेलें आपलें नांव आजही ऐकूं येतें.

ही लहानशी प्रथा आम्हांस या कंपनीच्या सबंध सूचिपत्राची गुरुकिल्ली वाटते. तें नांवांचें सूचिपत्र आहे. प्रथम भाषा, मग गायकाचें नांव, मग पद, असा त्याचा क्रम. नांवापुढें कोठें 'मास्टर', कोठें 'मिस', तर कोठें 'प्रोफेसर' अशीं बिरुदें. रंगभूमीनें ज्यांस आधींच मोठें केलें होतें, अशा केशवराव भोसले, बालगंधर्व यांसारख्यांस या कंपनीनें उचलून धरलें. यांत धाडस नव्हतें, पण विवेक होता. केशवराव १९२१ सालीं वारले; त्यांच्या आवाजाची जी कांहीं ओळख आज आपणांस होते, ती या तबकड्यांमुळेंच. पुढें १९३० नंतरच्या वर्षांत जी. एन. जोशी यांच्या तबकड्यांनीं भावगीत मध्यमवर्गीय घरांत आणून बसवलें, आणि १९३८ सालीं हेच जोशी त्या कंपनीच्या सेवेंत शिरले. सूचिपत्राच्या पानांवरून नाट्यपद मागें सरत चाललें आहे आणि भावगीत पुढें येत आहे, हें त्यानंतरच्या याद्या क्रमानें चाळणारास स्पष्ट दिसतें. महाराष्ट्राच्या अभिरुचीचा इतका नेमका आलेख एखाद्या प्रबंधांतही क्वचितच सांपडेल.

ओडियनची यादी लहान. परंतु आमच्या मतें ती अधिक निवडक आहे. ही मूळची बर्लिनची कंपनी. तबकडीच्या दोन्ही बाजूंस गाणें भरून ती १९०४ सालीं बाजारांत आणल्याबद्दल तिचा लौकिक आहे. मराठी रसिकांस मात्र ती मुख्यतः एका नांवामुळें प्रिय झाली. खांसाहेब अब्दुल करीम खां यांनीं शतकाच्या आरंभीं ग्रामोफोन कंपनीसाठीं कांहीं तबकड्या दिल्या होत्या. त्या काळीं गायकानें भोंग्यांत तोंड घालून गावयाचें असे. १९२५ च्या सुमारास विजेच्या साहाय्यानें मुद्रण होऊं लागलें, मायक्रोफोन आला आणि आवाजांतील बारीक कण टिपले जाऊं लागले. १९३७ सालीं खांसाहेबांचें निधन झालें. त्यापूर्वींच्या थोड्या वर्षांत त्यांनीं ओडियनसाठीं ज्या तबकड्या दिल्या, त्या या नव्या तंत्रानें घेतलेल्या होत्या. मिरजेस राहणाऱ्या या गवयाचा तो मृदु, अखंड स्वर भोंग्याच्या काळांत इतक्या खरेपणानें उतरणें शक्यच नव्हतें. एखादें सूचिपत्र केवळ एवढ्या एका पानासाठीं जपून ठेवावें, अशी ती कामगिरी आहे.

येथवर वाचून ही दोन प्रतिस्पर्धी घराण्यांची शर्यत होती, असा वाचकांचा समज होईल. वस्तुस्थिति तशी नाहीं. ओडियन चालवणाऱ्या लिंडस्ट्रॉम कंपनीची मालकी १९२५-२६ च्या सुमारास इंग्लंडांतील कोलंबिया कंपनीकडे गेली, आणि १९३१ सालीं कोलंबिया व ग्रामोफोन या दोन कंपन्या एक होऊन ई. एम. आय. ही मोठी कंपनी जन्मास आली. म्हणजे मुंबईच्या दुकानांत हिज मास्टर्स व्हॉइस, कोलंबिया आणि ओडियन यांच्या तबकड्या एकमेकींशीं भांडत असतां त्यांचा नफा लंडनच्या एकाच तिजोरींत जमा होत होता. गिऱ्हाइकास निवडीचें समाधान मिळे. मालक मात्र एकच.

या पार्श्वभूमीवर यंग इंडियाची यादी वाचली म्हणजे तिचें मोल कळतें. नॅशनल ग्रामोफोन रेकॉर्ड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी या मुंबईच्या स्वदेशी संस्थेनें १९३५ सालीं हा छाप काढला आणि सुमारें वीस वर्षें चालवला. नामांकित गायक दुसऱ्या कंपन्यांशीं करारानें बांधलेले. तेव्हां हिच्या वाट्यास आले ते बहुतांशीं नवशिके आणि हौशी कलावंत. बड्या सूचिपत्राच्या मापानें मोजलें तर ही यादी दुबळी ठरेल, आणि तिच्यांतील पुष्कळशीं गाणीं विसरण्याजोगींच असतील, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु मोठें नांव नसलेला मनुष्यही ध्वनिमुद्रणास पात्र असूं शकतो, ही गोष्ट तिनें व्यवहारांत करून दाखविली. कारण अगतिकतेचें असेल, पण फळ उदारपणाचें आलें. शैक्षणिक तबकड्या काढण्याचाही उद्योग तिनें केला. तिन्ही याद्यांत टीकाकाराच्या दृष्टीनें आम्हांस हीच अधिक विचारास लावणारी वाटते.

आतां उणिवांकडे वळूं. भास्करबुवा बखले १९२२ सालीं गेले, अल्लादिया खांसाहेब १९४६ सालीं गेले. दोघांचेंही गाणें तबकडीवर नाहीं. एकाच्या गायकीची कल्पना बालगंधर्वांवरून, दुसऱ्याची केसरबाई केरकरांवरून करावी लागते. ही हळहळ मराठी रसिकांनीं वेळोवेळीं व्यक्त केली आहे, आणि ती रास्तच आहे. परंतु आणखी एक उणीव अशी आहे कीं, जिच्याबद्दल कोणी हळहळल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं. पुण्यामुंबईंत बसून ती दिसत नाहीं. आमचें वास्तव्य जव्हारास असल्यामुळें ती आमच्या लक्षांत आली.

जव्हार हें मुकणे या महादेव कोळी घराण्याचें संस्थान. १९४८ सालीं तें विलीन झालें. त्याला लागून मोखाड्याचा डोंगराळ मुलूख. २०१४ सालापासून हे दोन्ही तालुके पालघर जिल्ह्यांत मोडतात. आजही येथें आगगाडी नाहीं. वारली, कोकणा, ठाकर, महादेव कोळी अशी बहुसंख्य वस्ती. भात तयार होण्याच्या सुमारास वारल्यांच्या पाड्यांवर तारपा वाजूं लागतो, तो दिवाळीच्या आसपासपर्यंत. वाळलेल्या भोपळ्याला बांबूच्या नळ्या जोडून, सांधे मेणानें बुजवून आणि टोंकाशीं ताडाच्या पानांचा कर्णा बसवून हें वाद्य बनवतात. वाजवणारा नाकानें श्वास घेत असतां गालांतील हवेनें सूर चालूं ठेवतो, त्यामुळें मध्यें खंड पडत नाहीं. त्याच्याभोंवतीं हातांत हात गुंफून नाचणारांची साखळी फिरते. त्यानें चाळा बदलला कीं पावलें बदलतात, आणि हें रात्र सरेपर्यंत चालतें. मोखाड्यास बोहाड्याच्या रात्रीं मुखवटे चढवलेलीं सोंगें संबळ-सनईच्या तालावर नाचत येतात. लग्नांत धवलेरी ही वारली स्त्री गाण्यांनींच विवाह लावते. आम्ही पाहिलेल्या तिन्ही सूचिपत्रांच्या मराठी पानांत यांपैकीं कशाचाही उल्लेख नाहीं.

याचीं कारणें शोधतां तीन सांपडतात. पहिलें, दहा इंची तबकडीच्या एका बाजूस जेमतेम तीन-साडेतीन मिनिटें मावत. खांसाहेबांचा ख्याल त्या मापांत कापून बसवतां आला, कारण त्यास मुखडा होता आणि शेवट होता. रात्रभर फिरणाऱ्या नाचास तीन मिनिटांत कोठें कापावें? दुसरें, सूचिपत्रास नांव हवें असे. धवलेरीचें गाणें तिच्या एकटीचें नव्हे. तें सगळ्या पाड्याचें. 'मिस' किंवा 'मास्टर' लावावयाचें कोणाला? तिसरें कारण सर्वांत साधें. वेठबिगारींत आणि सावकाराच्या कर्जांत पिचलेल्या मनुष्याच्या घरीं चावीचें यंत्र कोठून येणार? गिऱ्हाईक नाहीं, म्हणून माल नाहीं.

यावर कोणी म्हणेल, व्यापारी कंपनीनें धर्मादाय करावा अशी अपेक्षाच चूक. आक्षेप वजनदार आहे. परंतु त्याच काळांत अमेरिकेंत काय घडलें तें पाहावें. ओके या छापाचा संस्थापक ओट्टो हाइनेमान हा ओडियनच्या त्याच लिंडस्ट्रॉम परिवारांतून आलेला. १९२० सालीं त्याच्या कंपनीनें मॅमी स्मिथ या कृष्णवर्णीय गायिकेची तबकडी काढली आणि ती धडाक्यानें खपली. गरीब कृष्णवर्णीय लोकही तबकड्या विकत घेतात, हें ध्यानांत येतांच कंपन्यांनीं त्यांच्या गाण्याबजावण्याचीं स्वतंत्र सूचिपत्रें काढलीं. त्यांस 'रेस रेकॉर्ड्स' असें हिणवल्यासारखें नांव होतें. किंग ऑलिव्हरचा ताफा १९२३ सालीं जेनेट या छापाकडे गेला, तर त्याच ताफ्यांतील लुई आर्मस्ट्राँग १९२५ सालीं स्वतःचा ताफा घेऊन ओकेकडे आला. आज जाझ संगीताचा इतिहास लिहावयाचा तर या दोन छापांचीं सूचिपत्रें समोर ठेवल्यावांचून भागत नाहीं. त्या वेगळ्या सूचिपत्रामागें तुच्छताच होती, यांत शंका नाहीं. तरी त्या तुच्छतेनें आवाज तरी राखला. आमच्याकडे जव्हार-मोखाड्याच्या वाट्यास तेवढें वेगळें पानही आलें नाहीं. शिवाय दुसऱ्याही वाटा होत्या. बेला बार्टोकनें १९०६ पासून हंगेरीच्या खेड्यांत हिंडून शेतकऱ्यांचीं गाणीं मेणाच्या नळकांड्यांवर घेतलीं. त्यामागें नफ्याची प्रेरणा नव्हती. तेव्हां दोष एकट्या कंपन्यांचा नाहीं. संगीत म्हणजे मैफल आणि रंगभूमि, एवढीच ज्यांची व्याख्या होती, त्या आमच्या सुशिक्षित वर्गाचाही तो आहे. कंपन्यांनीं आमचीच अभिरुचि छापून आम्हांस विकली.

हा प्रश्न केवळ गतकाळाचा असता तर आम्ही इतकी पानें खर्चिलीं नसतीं. मुंबईंत १९९० सालीं स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स या संग्राहकांच्या संस्थेनें जुन्या तबकड्यांचा मागोवा घेण्याचें मोठें काम केलें. यंग इंडियाच्या तबकड्या ब्रिटिश लायब्ररीच्या एका योजनेखालीं संगणकीय रूपांत जतन झाल्या. हें कार्य स्तुत्य आहे. परंतु त्याचा एक परिणाम असा होतो कीं, जुनें सूचिपत्र हाच संगीताचा इतिहास होऊन बसतो, आणि जें त्यांत नव्हतें तें कधीं नव्हतेंच असें वाटूं लागतें. तारप्याच्या बाबतींत तर आणखी एक विसंगति आहे. १९७० नंतर वारली चित्रकला जगभर गेली. तिचे थोर चित्रकार जिव्या सोमा मशे यांस २०११ सालीं पद्मश्री मिळाली. तारपा वाजवणारा आणि त्याच्याभोंवतींची नाचणारांची वळणदार साखळी हें चित्र आज आमच्या वर्गाच्या किती दिवाणखान्यांत टांगलेलें आहे! पण त्या घरांतील किती जणांनीं तारप्याचा सूर ऐकला आहे?

सुदैवानें तो सूर अद्याप मालवलेला नाहीं. जव्हार तालुक्यांतील वाळवंडा येथील तारपावादक भिकल्या लाडक्या धिंडा यांस संगीत नाटक अकादमीचा २०२२ सालचा पुरस्कार मिळाला, आणि २०२६ सालीं त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांचें वय नव्वदीच्या पुढें आहे. सन्मान झाला हें योग्यच. परंतु सन्मानपत्र वाजत नाहीं. यंत्राची जुनी अडचण आतां उरलेली नाहीं, सबंध रात्रही खंड न पाडतां मुद्रित करतां येते. अडचण आहे ती सूचिपत्राची. दोन-तीन मिनिटांचा तुकडा कापून, त्यावर 'आदिवासी लोकसंगीत' एवढीच चिठ्ठी चिकटवली तर आपण १९०२ च्या पलीकडे एक पाऊलही गेलों नाहीं असें होईल.

आमच्या मतें चौथें सूचिपत्र निघालें पाहिजे. हिज मास्टर्स व्हॉइसकडून त्यानें नांवाचा आदर घ्यावा, म्हणजे वाजवणाराचें, धवलेरीचें, संबळ वाजवणाराचें नांव व पाडा प्रत्येक नोंदींत असावा. ओडियनकडून सुराविषयींची चोखंदळ वृत्ति घ्यावी. आणि यंग इंडियाकडून, प्रसिद्धि हीच पात्रता नव्हे, हा धडा घ्यावा. त्यांत आणखी तीन गोष्टी घालाव्या, ज्या त्या तिहींतही नव्हत्या: कोणत्या चाळ्याचें नांव काय, तो कोणत्या प्रसंगीं वाजतो, आणि किती वेळ चालतो. या भागांतील महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांत वारली व कोकणा घरांतील मुलेंमुली आतां पुष्कळ आहेत. भाषा त्यांची, नातीं त्यांचीं, तेव्हां हें काम त्यांच्या हातून जितकें खरें होईल तितकें बाहेरच्या पंडितांच्या हातून होणार नाहीं. आम्हां शिक्षकांनीं त्यांस साधनें मिळवून द्यावीं, आणि तयार झालेल्या संग्रहाची पहिली प्रत जव्हार-मोखाड्याच्या ग्रंथालयांत राहील, एवढें पाहावें. मुंबईस व लंडनास दुसरी गेली तरी चालेल.