महापालिकेतील नामनिर्देशित सदस्य : पात्रता व नियुक्तीच्या नियमांची चिकित्सा

महापालिका निवडणुकीचे निकाल लागले की वृत्तपत्रांतून आणखी एका निवडीची चर्चा सुरू होते. या निवडीत मतदार नसतो, प्रचार नसतो आणि बहुधा स्पर्धकांची नावेही अधिकृतपणे जाहीर होत नाहीत. १५ जानेवारी २०२६ रोजी राज्यातील २९ महापालिकांसाठी मतदान झाल्यानंतर हेच घडले. कोणत्या पक्षाच्या वाट्याला किती 'स्वीकृत' सदस्य येणार आणि उमेदवारी नाकारलेल्यांपैकी कोणाची सोय लागणार, हा या चर्चेचा विषय होता. नगरप्रशासनाचे विशेष ज्ञान कोणाला आहे, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला गेला. वस्तुतः संविधानाने हे पद निर्माण केले ते केवळ याच प्रश्नासाठी. हेतू आणि व्यवहार यांतील हे अंतर व्यक्तींच्या नीतिमत्तेतून आलेले आहे की नियमांच्या रचनेतूनच आलेले आहे, याचा शोध घेण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

संविधानातील तरतूद आणि 'स्वीकृत' हा शब्द

१ जून १९९३ रोजी अमलात आलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने संविधानात अनुच्छेद २४३-आर समाविष्ट केला. नगरपालिकेतील सर्व जागा थेट निवडणुकीने भराव्यात, हे त्याचे मूलतत्त्व होय. त्याला जे मोजके अपवाद ठेवले, त्यांत 'नगरप्रशासनाचे विशेष ज्ञान किंवा अनुभव असलेल्या व्यक्ती' यांचा समावेश आहे. अशा व्यक्तींना सभेत मतदानाचा हक्क असणार नाही, असेही तेथेच स्पष्ट केले आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ५ मध्ये ही तरतूद उतरली असून, असा सदस्य महापौर किंवा समितीचा अध्यक्ष होऊ शकत नाही.

येथे शब्दाकडे थोडे लक्ष देणे आवश्यक आहे. नियमांत 'नामनिर्देशित' हा शब्द आहे. लोकव्यवहारात मात्र 'स्वीकृत' हाच शब्द रूढ झाला. 'स्वीकृत' या शब्दात सभागृहाने एखाद्या व्यक्तीची योग्यता पारखून तिला आपल्यात सामावून घेणे अभिप्रेत आहे. 'नामनिर्देशन' या शब्दात कोणीतरी नाव सुचविणे एवढेच अभिप्रेत आहे. व्यवहारात जे घडते त्याचे वर्णन, दुर्दैवाने, नियमातील रूक्ष शब्दच अधिक प्रामाणिकपणे करतो.

नामनिर्देशनाची परंपरा अर्थातच जुनी आहे. मुंबई महापालिकेच्या १८८८ च्या अधिनियमात ७२ सदस्यांपैकी केवळ ३६ करदात्यांनी निवडावयाचे होते व १६ सरकारने नेमावयाचे होते; उर्वरित सदस्य जस्टिस ऑफ द पीस, विद्यापीठाचे फेलो व चेंबर ऑफ कॉमर्स यांच्याकडून येत. सरकारनियुक्त सदस्य म्हणजे सरकारच्या शब्दाला मान डोलावणारा, असा समज त्या काळी निर्माण झाला आणि तो बव्हंशी खराही होता. परंतु महात्मा जोतीराव फुले हे १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे नियुक्त सदस्यच होते, हे विसरता येत नाही. १८८० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या पुणे भेटीनिमित्त नगरपालिकेच्या पैशातून एक हजार रुपये खर्च करण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा त्याविरुद्ध मत देणारे ते एकटे होते. हा पैसा शिक्षणावर खर्च व्हावा, अशी त्यांची भूमिका होती. नवी मंडई बांधण्याच्या खर्चालाही त्यांनी विरोध केला होता. पुढे त्याच मंडईला त्यांचे नाव दिले गेले, हा इतिहासाचा एक विनोदच म्हणावा लागेल. येथे लक्षात घ्यावयाची बाब अशी की, फुले यांची नियुक्ती परकीय सरकारने केली असली तरी त्यांना मत होते आणि ते मत इतिवृत्तात नोंदले जात होते. आजच्या नामनिर्देशित सदस्याची नियुक्ती लोकप्रतिनिधी करतात, परंतु त्याला मत नाही. त्याने पाच वर्षांत काय म्हटले याची स्वतंत्र नोंद ठेवण्याचे बंधनही नाही.

पात्रतेची यादी : कोण आत, कोण बाहेर?

नामनिर्देशनासाठी राज्य शासनाने २०१२ मध्ये पात्रता व नियुक्तीविषयक नियम केले. त्यापूर्वी 'विशेष ज्ञान' या शब्दाचा अर्थ सभागृहातील बहुमत लावील तसा लागत असे. त्या तुलनेत हे नियम निश्चितच पुढचे पाऊल होते. त्यांनुसार किमान पाच वर्षांचा अनुभव असलेला वैद्यकीय व्यावसायिक, निवृत्त प्राध्यापक, प्राचार्य वा मुख्याध्यापक, सनदी लेखापाल, स्थापत्य अभियंता, वकील, तसेच नगरप्रशासनातील निवृत्त अधिकारी यांना पात्र ठरविण्यात आले. या यादीच्या अखेरीस सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली नोंदणी झालेल्या व समाजकल्याणाचे कार्य करणाऱ्या अशासकीय संस्थेच्या पदाधिकाऱ्याचा प्रवर्ग आहे.

ही यादी वाचताना एक गोष्ट प्रकर्षाने जाणवते. संविधान 'नगरप्रशासनाचे' ज्ञान मागते. नियम मात्र 'व्यवसायाचे' प्रमाणपत्र मागतात. पाच वर्षे दवाखाना चालविलेल्या डॉक्टरांना रुग्णांचे ज्ञान असते. शहराच्या साथरोग नियंत्रणाचे वा सार्वजनिक आरोग्य अंदाजपत्रकाचे ज्ञान असेलच असे नाही. दिवाणी दावे चालविणाऱ्या वकिलांनी नगररचना अधिनियम उघडून पाहिलेला असेलच असेही नाही. यादीतील निवृत्त अधिकाऱ्यांचा प्रवर्ग सोडला तर नगरप्रशासनाशी थेट संबंध सांगणारी पात्रता जवळजवळ नाहीच. याउलट नगररचनाकार, वाहतूक नियोजक, पर्यावरण अभ्यासक, जलव्यवस्थापनाचे जाणकार यांना स्वतंत्र स्थान नाही. ज्या शहरांचे निम्मे प्रश्न कचरा, पाणी आणि वाहतूक या तीन शब्दांत सामावतात, त्या शहरांच्या सभागृहासाठी केलेल्या यादीत हे तिन्ही विषय अनुपस्थित असावेत, हे आश्चर्यकारक आहे.

याहून गंभीर बाब शेवटच्या प्रवर्गाची आहे. विश्वस्त संस्थेचे नोंदणी प्रमाणपत्र हे संस्था अस्तित्वात असल्याचा पुरावा आहे, ज्ञानाचा नव्हे. आपल्या शहरांतील राजकीय कार्यकर्त्यांच्या सार्वजनिक जीवनाची जडणघडणच मुळी उत्सव मंडळे, क्रीडा मंडळे, शिक्षण संस्था आणि प्रतिष्ठाने यांतून होते. त्यामुळे प्रभागातील जवळजवळ प्रत्येक महत्त्वाकांक्षी कार्यकर्ता कोणत्या ना कोणत्या नोंदणीकृत संस्थेचा अध्यक्ष, सचिव किंवा खजिनदार असतोच. मंडळांचे सामाजिक कार्य नाकारण्याचा येथे हेतू नाही. परंतु इतर सर्व प्रवर्गांना पदवी वा सेवेची अट आणि या एकाच प्रवर्गाला केवळ पदाधिकारी असण्याची अट, अशी विषम रचना केल्यावर गर्दी कोणत्या दाराशी होणार हे सांगण्यास संशोधनाची गरज नाही.

आणि हेच दार काहींसाठी मात्र बंद आहे. पुण्यातील कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना १९९३ पासून कार्यरत आहे. तिच्या पुढाकारातून उभी राहिलेली 'स्वच्छ' ही कचरावेचकांची सहकारी संस्था २००८ पासून महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा गोळा करीत आली. शहराच्या घनकचऱ्याविषयी या स्त्रियांना जे ठाऊक आहे, ते कोणत्याही पदवीत मिळत नाही. परंतु कामगार संघटना व सहकारी संस्था यांची नोंदणी वेगळ्या कायद्यांखाली होते. त्यामुळे नियमाचा शब्दशः अर्थ लावल्यास, केवळ या नात्याने त्यांचा प्रतिनिधी पात्र ठरत नाही. बंद पडलेल्या प्रतिष्ठानाचा खजिनदार पात्र आणि शहराचा कचरा प्रत्यक्ष हाताळणाऱ्यांची प्रतिनिधी अपात्र, अशी ही स्थिती आहे. याच्या जोडीला अनुच्छेद २४३-टी मधील आरक्षण हे थेट निवडणुकीने भरावयाच्या जागांपुरते आहे, हेही ध्यानात घ्यावे लागते. निर्वाचित जागांत महिलांना ५० टक्के आरक्षण देणाऱ्या राज्यात नामनिर्देशित जागांवर महिला, अनुसूचित जाती वा इतर मागासवर्ग यांच्यापैकी एकही व्यक्ती नसली तरी नियमभंग होत नाही.

पक्षीय बलाबलाचे गणित

नियुक्तीची पद्धत पाहता, आयुक्तांनी सभागृहनेता, विरोधी पक्षनेता व गटनेते यांच्याशी विचारविनिमय करून पक्षांच्या तौलनिक संख्याबळानुसार नावांची शिफारस करावयाची व महापालिकेने नामनिर्देशन करावयाचे, अशी योजना आहे. स्थायी समितीसारख्या समित्यांच्या रचनेसाठी हे तत्त्व योग्यच आहे. तेथे सदस्य मतदान करतात, आणि सभागृहाचे प्रतिबिंब समितीत पडणे लोकशाहीला धरून आहे. परंतु ज्या सदस्याला मतच नाही, त्याच्या निवडीत संख्याबळाचे प्रतिबिंब कशासाठी? ज्ञानाची वाटणी पक्षनिहाय कशी करावयाची, याचे उत्तर नियमांत मिळत नाही. समजा १६० निर्वाचित सदस्यांच्या सभागृहात पाच जागा आहेत. म्हणजे एका जागेची 'किंमत' ३२ नगरसेवक झाली. एकदा अशी किंमत ठरली की ती जागा पक्षाची मालमत्ता बनते, आणि मग ती कोणाला द्यावी हा पक्षांतर्गत प्रश्न उरतो. आयुक्तांची भूमिका कागदपत्रे तपासण्यापुरती राहते. पात्र व्यक्तींतून अधिक योग्य कोण, हे ठरविण्याचा निकष त्यांना नियमाने दिलेलाच नाही.

२०२३ मध्ये अधिनियमात दुरुस्ती होऊन पाच या कमाल संख्येऐवजी निर्वाचित सदस्यांच्या १० टक्के किंवा १०, यांपैकी जी संख्या कमी असेल तितके सदस्य नेमण्याची तरतूद झाली. मुंबईत २२७ निर्वाचित सदस्यांसोबत आता पाचऐवजी दहा नामनिर्देशित सदस्य असू शकतात. जागा दुप्पट करताना पात्रतेची यादी, निवडीची पद्धत, जाहीर सूचना, कारणमीमांसा यांपैकी कशाचाही सखोल पुनर्विचार झाला नाही. वरील उदाहरणातील किंमत तेवढी ३२ वरून १६ वर आली.

या जागांचा कार्यकाळ तुकड्यांत वाटण्याची प्रथाही आता सर्वपरिचित आहे. एका सदस्याने वर्ष-सव्वा वर्षाने राजीनामा द्यावयाचा आणि पक्षातील पुढच्या इच्छुकाने यावयाचे. महापालिकेचे अंदाजपत्रक समजून घेण्यासच एक वर्ष लागते, असे जाणकार सांगतात. म्हणजे ज्ञान उपयोगी पडू लागण्याच्या सुमारास सदस्य बदलतो.

मत असलेले तज्ज्ञ आणि वरून नेमलेले तज्ज्ञ

यावर दोन उपाय सुचविले जातात. पहिला, तज्ज्ञांना मताधिकार द्यावा. दुसरा, नियुक्ती पक्षांकडून काढून वरिष्ठ सत्तेकडे द्यावी. दोन्हींचा अनुभव आपल्यासमोर आहे.

१९७५ च्या वृक्ष संरक्षण अधिनियमाखालील वृक्ष प्राधिकरणात नगरसेवकांबरोबर वृक्षविषयक अनुभव असलेल्या अशासकीय प्रतिनिधींना स्थान आहे. मुंबईत अशा नेमणुका झालेल्या नसतानाही प्राधिकरणाचे कामकाज चालू असल्याने २०१८ मध्ये उच्च न्यायालयाला हस्तक्षेप करावा लागला, तेव्हा कोठे तज्ज्ञ आले. पुढे २९ ऑगस्ट २०१९ रोजी आरे येथील मेट्रो कारशेडसाठी २,६४६ वृक्ष तोडण्याचा व पुनर्रोपित करण्याचा प्रस्ताव याच प्राधिकरणाने मतदानाने मंजूर केला. तज्ज्ञांची काही मते प्रस्तावाच्या बाजूने पडली आणि त्यानंतर दोघा तज्ज्ञांनी राजीनामे दिले. मतदान घाईने झाले, अशी त्यांची तक्रार होती. मत दिले, पण ते देण्यापूर्वी अभ्यासाला वेळ आणि लेखी अभिप्रायाची सोय दिली नाही, तर काय होते, याचा हा दाखला आहे.

दुसऱ्या उपायासाठी दिल्लीकडे पाहावे लागते. तेथे दहा तज्ज्ञ सदस्य नायब राज्यपाल नेमतात. २०२३ च्या प्रारंभी झालेल्या अशा नेमणुकांनंतर या सदस्यांना महापौराच्या निवडणुकीत मत आहे काय, यावर महापौरपदाची निवडणूकच रखडली. १७ फेब्रुवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तसे मत नसल्याचे स्पष्ट केले. नेमणूक करताना नायब राज्यपालांवर मंत्रिमंडळाच्या सल्ल्याचे बंधन नाही, असा निर्णय त्याच न्यायालयाने ५ ऑगस्ट २०२४ रोजी दिला. तज्ज्ञांच्या ज्ञानाविषयी या संपूर्ण वादात फारसे कोणी बोलले नाही. नियुक्ती करणारा हात बदलल्याने निवडीचा निकष बदलत नाही. उलट स्थानिक सभागृहाला उत्तरदायी नसलेला हात अधिक मोकळा होतो. त्यामुळे पक्षांना वगळून शासनाकडे अधिकार देण्याची सूचना प्रस्तुत लेखकास मान्य नाही.

नियमदुरुस्तीच्या दिशेने

मग पक्षांच्या हाती निवड ठेवूनही काय करता येईल? मुंबईच्या वारसा जतन समितीचे उदाहरण येथे मार्गदर्शक आहे. १९९५ च्या विनियमांत संरचना अभियंता, वास्तुविशारद, पर्यावरणतज्ज्ञ, नगर-इतिहासकार असे विषय नावानिशी दिले होते. त्या समितीच्या कारभारावर टीका करण्यास जागा आहे, परंतु इतिहासकाराच्या जागी कोणीही चालेल असे तेथे म्हणता येत नाही. महापालिकेच्या दहा जागांनाही पाणी व मलनिःसारण, घनकचरा, सार्वजनिक आरोग्य, नगररचना, वाहतूक, वित्त असे विषय जोडता येतील. पक्षाला वाट्याची जागा मिळेल; मात्र ती कोणत्या विषयाची, हे आधी ठरलेले असेल. अशासकीय संस्थांच्या प्रवर्गात नोंदणीचा कायदा कोणता यापेक्षा त्या विषयातील पाच वर्षांचे लेखापरीक्षित काम ही अट घालावी, म्हणजे कामगार संघटना व सहकारी संस्थांनाही वाट मोकळी होईल. त्याच निवडणुकीत पराभूत झालेल्या उमेदवाराला त्या सभागृहाच्या मुदतीत नामनिर्देशित करू नये. मतदारांनी नाकारलेल्या व्यक्तीला मागच्या दाराने आणणे अनुच्छेद २४३-आर च्या मूलतत्त्वाशी विसंगत आहे.

शिफारस सभागृहापुढे ठेवण्यापूर्वी किमान पंधरा दिवस नावे, पात्रतेची कागदपत्रे आणि निवडीची कारणे प्रसिद्ध करावीत व हरकती मागवाव्यात. शहरात साध्या रस्त्याचे नाव बदलण्यावरही चर्चा होते; पाच वर्षे सभागृहात बसणाऱ्या व्यक्तीविषयी ती होऊ नये, याला कारण दिसत नाही. राजीनाम्याने रिक्त झालेली जागा भरतानाही हीच प्रक्रिया प्रारंभापासून करावी लागली, तर सव्वा वर्षाच्या वाटण्यांचे आकर्षण आपोआप ओसरेल. आणि मताधिकार नसलेल्या या सदस्याला आपल्या विषयाच्या प्रत्येक प्रस्तावावर लेखी अभिप्राय देण्याचा हक्क असावा, तो अभिप्राय इतिवृत्ताला जोडला जावा, आणि सभागृहाने त्याविरुद्ध निर्णय घेतल्यास ठरावात तसे नमूद व्हावे. यासाठी संविधानात कोणताही बदल करावा लागत नाही; अधिनियमाखालील नियमांत दुरुस्ती करणारी राज्य शासनाची अधिसूचना पुरेशी आहे.