आशेची पदवी आणि चिंतेचे आडनाव : कुमुद पावडे यांच्या ‘अंतःस्फोट’मधील विद्यार्थिनी

प्रास्ताविक

मराठी साहित्यात विद्यार्थी ही व्यक्तिरेखा नवी नाही. कादंबरीत, आत्मकथनात, ललित लेखनात तिचे दर्शन वारंवार घडते. तथापि या व्यक्तिरेखेचे वाचन करताना समीक्षेने बहुधा दोन ठरावीक चौकटींचा आश्रय घेतलेला दिसतो. मध्यमवर्गीय किंवा सधन शेतकरी घरातील विद्यार्थ्याची अस्वस्थता ही अस्तित्वविषयक मानली जाते, तर दलित व कष्टकरी घरातील विद्यार्थ्याची वाटचाल ही संघर्षगाथा व अखेरीस यशोगाथा म्हणून गौरविली जाते. पहिल्या वाचनात आशा हरवते आणि दुसऱ्या वाचनात चिंता हरवते. वस्तुतः शिक्षण घेणाऱ्या तरुण मनात आशा आणि चिंता एकाच मुळातून उगवत असतात. जितकी आशा मोठी, तितकी ती फसण्याची भीतीही मोठी. प्रस्तुत लेखात या दृष्टीने कुमुद पावडे यांच्या ‘अंतःस्फोट’ (१९८१) या आत्मपर लेखसंग्रहातील संस्कृत-शिक्षणाची कथा सांगणाऱ्या लेखाचा विचार केला आहे. या लेखाला नागपूर-कामठी परिसरातील शैक्षणिक चळवळीची पार्श्वभूमी आहे, म्हणून प्रथम तिचा निर्देश करणे उचित ठरेल.

पार्श्वभूमी : कामठीची रात्रशाळा

कन्हान नदीकाठी १८२१ मध्ये वसलेली लष्करी छावणी ही कामठीची जुनी ओळख. छावणी, रेल्वे आणि विडी-उद्योग यांच्या आधाराने येथे जी श्रमिक वस्ती वाढली, तिच्यातूनच हरदास लक्ष्मण नगराळे, म्हणजेच बाबू हरदास एल. एन. (१९०४-१९३९) यांचे नेतृत्व पुढे आले. ‘जय भीम’ या अभिवादनाचे प्रवर्तक म्हणून ते सर्वपरिचित आहेत. त्या मानाने त्यांचे शैक्षणिक कार्य कमी चर्चिले गेले आहे. वडील रेल्वेत कारकून, मुलगा नागपूरच्या पटवर्धन हायस्कूलमधून मॅट्रिक उत्तीर्ण, अशी त्यांची घडण होती. १९२७ मध्ये त्यांनी कामठीत रात्रशाळा सुरू केल्या. एका वेळी तेथे ८६ मुले व २२ मुली शिकत असल्याची नोंद आढळते. संत चोखामेळा यांच्या नावाने त्यांनी ग्रंथालयही चालविले. विडी-कामगारांची ठेकेदारांच्या तावडीतून सुटका व्हावी म्हणून त्यांनी सहकारी पद्धतीने विडी-उत्पादनाचा प्रयोग केला. १९३७ मध्ये ते मध्यप्रांत-वऱ्हाडच्या विधिमंडळावर निवडून आले आणि अवघ्या दोन वर्षांत, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, क्षयाने त्यांचे निधन झाले.

येथे दोन गोष्टी लक्षात घेण्यासारख्या आहेत. पहिली, १०८ विद्यार्थ्यांत २२ मुली, म्हणजे दर पाचांत एक मुलगी, हे प्रमाण १९२७ च्या आसपासच्या श्रमिक वस्तीत सामान्य नव्हते. दुसरी, हरदासांनी नागपूरच्या आर्यसमाजाचे स्वामी ब्रह्मानंद यांच्याकडे संस्कृतचे अध्ययन केले होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना शाळेत संस्कृत शिकण्याची संधी नाकारली गेली आणि त्यांना फारसी घ्यावी लागली, ही घटना सर्वश्रुत आहे. शाळेच्या दाराआड जी भाषा अडवली जात होती, ती कामठीच्या एका तरुणाने शाळेबाहेर मिळविली. यानंतरच्या पिढीत नागपूरची एक मुलगी तीच भाषा शाळेत, महाविद्यालयात आणि विद्यापीठात शिकते आणि पुढे तीच शिकविण्याचा हक्क मागते. हरदास आणि पावडे यांच्यात थेट गुरुशिष्य-संबंध दाखविण्याचा येथे हेतू नाही. रात्रशाळेने जी आशा पेरली, तिचे विद्यापीठाच्या आवारात काय होते, एवढाच प्रश्न या दोन टोकांना जोडतो.

कौतुकातील दंश

कुमुद पावडे यांचा जन्म १९३८ मध्ये नागपूरला झाला. त्यांच्या या लेखाचा आरंभ संकटाने होत नाही, तो सत्काराने होतो, ही त्याच्या रचनेतील पहिली लक्षणीय बाब. लेखिका संस्कृतची प्राध्यापिका आहे. सभांतून तिची ओळख करून दिली जाते, लोक थक्क होतात. परंतु या थक्क होण्यामागे तिच्या विद्वत्तेपेक्षा तिची जात अधिक आहे, हे तिला जाणवते. एखादी अशक्य गोष्ट घडलेली पाहावी तसे लोक तिच्याकडे पाहतात. ज्या कौतुकात ‘असे असूनही’ हा अध्याहृत भाग असतो, ते कौतुक मुळात अपमानाचेच सौम्य रूप ठरते. त्यामुळे यशाच्या बिंदूवर उभे राहून मागे वळून पाहणारी ही कथा आरंभीच यशोगाथेची चौकट नाकारते.

त्यानंतर बालपणीचा प्रसंग येतो. मुंजीच्या घरी मंत्रोच्चार ऐकत उभी असलेली लहान मुलगी जात कळताच हुसकावली जाते. या प्रसंगात भाषेचे आकर्षण आणि भाषेपासून दूर लोटले जाणे या दोन्ही गोष्टी एकाच क्षणी घडतात. पुढे संस्कृत शिकण्याचा जो निश्चय आकार घेतो, त्याचे बीज या क्षणात आहे. म्हणूनच हा निश्चय केवळ ज्ञानलालसेचा नाही, आणि केवळ प्रतिशोधाचाही नाही. त्यात सुरांची ओढ आहे आणि नकाराची जखमही आहे. विद्यार्थ्याची आशा अनेकदा अशीच मिश्र धातूची असते. लेखिकेने ती शुद्ध करून दाखविण्याचा मोह टाळला, हे या लेखनाचे सामर्थ्य होय.

दोन शिक्षक

लेखाच्या मध्यभागी दोन शिक्षक समोरासमोर ठेवलेले आहेत. पहिले शाळेतील गोखले गुरुजी. त्यांचा पेहराव, आचार सारे जुन्या वळणाचे. हे गुरुजी आपल्याला शिकवतील की नाही, या शंकेने विद्यार्थिनीचे मन धास्तावलेले आहे. प्रत्यक्षात मात्र गुरुजी तिला निर्मळ मनाने शिकवतात, तिची प्रगती पाहून आनंदतात. दुसरे शिक्षक विद्यापीठीय पातळीवरील विभागप्रमुख. ते ख्यातनाम विद्वान आहेत, आधुनिक वातावरणात वावरणारे आहेत. परंतु या विद्यार्थिनीने संस्कृत शिकावे हे त्यांना रुचत नाही, आणि ती नाराजी ते तिला जाणवू देतात.

ही मांडणी वाचकाच्या अपेक्षेच्या नेमकी उलट आहे. जुनेपण म्हणजे संकुचितता आणि आधुनिकता म्हणजे औदार्य, हे सोपे समीकरण येथे मोडते. तथापि यावरून ‘जुनी माणसे चांगली होती’ असा निष्कर्ष काढणे म्हणजे लेखाचा विपर्यास ठरेल. गुरुजींचे औदार्य हे एका व्यक्तीचे औदार्य आहे. ते तिच्या वाट्याला आले हा योगायोग आहे. दुसऱ्या एखाद्या शाळेत दुसरे गुरुजी असते, तर ही कथा शाळेच्या पुढे गेलीच नसती. एका मुलीचे भवितव्य एका माणसाच्या स्वभावावर अवलंबून असावे, यातच त्या व्यवस्थेची दुर्बलता उघड होते. चिंतेचे मूळ येथे आहे. अभ्यास आपल्या हाती आहे, परंतु शिक्षकाचे मन आपल्या हाती नाही, हे विद्यार्थिनीला फार लवकर कळलेले आहे.

यात आणखी एक पदर आहे. परावृत्त करणारे सूर केवळ वरून येत नाहीत, तर स्वतःच्या वस्तीतूनही येतात. हा विषय आपल्याला झेपणारा नाही, अमक्याने घेतला आणि सोडला, असे सांगणारी माणसे तिच्या परिचयातलीच आहेत. शतकानुशतके ऐकविला गेलेला नकार आतून कसा बोलू लागतो, याचे हे चित्रण मार्मिक आहे.

पदवीनंतरची प्रतीक्षा

बहुतेक शिक्षणकथा परीक्षेच्या निकालाशी संपतात. पावडे यांचा लेख मात्र एम.ए.च्या पदवीपाशी थांबत नाही, तर खऱ्या अर्थाने तेथे सुरू होतो. पदवी हाती आहे, परंतु नोकरी नाही. मुलाखती होतात, नकार मिळतात. दलितांनी शिकावे असे एकीकडे सांगितले जाते, आणि शिकलेल्या मुलीला दुसरीकडे दार बंद असते, ही विसंगती ती केंद्रीय मंत्री जगजीवनराम यांच्यापर्यंत पोचवते. पंतप्रधान नेहरूंकडून बक्षिसाची रक्कम येते, मुख्यमंत्र्यांना भेटण्याची सूचना येते, आश्वासनही मिळते. नेमणूक मात्र मिळत नाही. बक्षीस आणि नेमणूक यांतील हे अंतर फार बोलके आहे. बक्षीस हा अपवादाचा सन्मान असतो, तर नेमणूक हा नियमाने मिळणारा हक्क असतो. व्यवस्था अपवाद गौरवायला तयार आहे, नियम बदलायला तयार नाही.

अखेरीस विवाह होतो. आंतरजातीय विवाहामुळे ‘सोमकुवर’ हे आडनाव जाऊन ‘पावडे’ हे आडनाव येते, आणि त्यानंतर थोड्याच काळात शासकीय महाविद्यालयात संस्कृतच्या अध्यापनाची संधी मिळते. पात्रता तीच, पदवी तीच, व्यक्ती तीच. बदलले ते केवळ आडनाव. म्हणून नोकरी मिळाली ती पावडे यांना, सोमकुवर यांना नव्हे, ही बोचरी जाणीव लेखिका अखेरीस नोंदविते. वर्षानुवर्षांच्या श्रमाचे फळ ज्या क्षणी पदरात पडते, त्याच क्षणी ते श्रम करणारी मुलगी वंचितच राहते. आशापूर्तीच्या आत चिंता अशी कायमची घर करून बसते. या शेवटामुळे आरंभीच्या सत्काराचा अर्थही मागाहून उलगडतो. टाळ्या कोणासाठी होत्या, हा प्रश्न वाचकापुढे राहतो.

परतीची जागा : एक तुलना

या विद्यार्थिनीची चिंता कोणत्या जातीची आहे, हे समजण्यासाठी दोन प्रसिद्ध कृतींशी तुलना उपयुक्त ठरते. भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’ (१९६३) मधील पांडुरंग सांगवीकर खानदेशातून पुण्याला शिकायला येतो, वसतिगृहाच्या जीवनात रमतो, विटतो, आणि पदवीविना गावी परततो. त्याची अस्वस्थता खोटी नाही. परंतु परतण्यासाठी त्याला घर आहे, शेती आहे, ज्यांच्याशी भांडावे असे वडील आहेत. नापास होणे त्याला परवडते. आनंद यादव यांच्या ‘झोंबी’ (१९८७) मधील मुलाची झुंज कागलच्या मळ्याशी आणि शाळेला विरोध करणाऱ्या वडिलांशी आहे. तो मागे फिरला तर मळा त्याला गिळून टाकणार आहे. परतीची जागा आहे, पण तीच संकटाची जागा आहे.

‘अंतःस्फोट’मधील विद्यार्थिनीला अशी कोणतीच जागा नाही. घरचा पाठिंबा आहे, पण घराबाहेरचे जग तिला पूर्वीच्या ठिकाणीच पाहू इच्छिते. मागे फिरणे म्हणजे ‘हे यांना जमणारे नव्हतेच’ या म्हणण्याला पुरावा देणे. पांडुरंगाचे अपयश एकट्याचे असते, हिचे अपयश साऱ्या समाजाच्या खाती मांडले जाणार असते. एका तरुण खांद्यावर एवढे ओझे असते, तेव्हा चिंता ही मनोवृत्ती राहत नाही, ती सामाजिक वस्तुस्थिती बनते. म्हणूनच ‘कोसला’ला लावलेले अस्तित्वविषयक निकष येथे अपुरे पडतात, आणि केवळ ‘जिद्द’ या शब्दाने केलेला गौरवही अपुरा पडतो.

मर्यादा

या लेखाच्या मर्यादांचाही निर्देश करावयास हवा. आत्मकथनाचा सलग विस्तार येथे नाही. त्यामुळे अभ्यासाचे प्रत्यक्ष दिवस, पुस्तकांशी जडलेले नाते, आवडलेले कवी यांविषयी वाचकाला फार थोडे मिळते. ज्या भाषेसाठी एवढा झगडा झाला, त्या भाषेतील आनंदाची पाने अधिक असती तर विद्यार्थिनीचे चित्र भरीव झाले असते. उपरोधाची धार काही ठिकाणी प्रसंगापेक्षा भाष्याला पुढे आणते. तसेच बरोबरीच्या इतर मुली, ज्या मॅट्रिकच्या अलीकडेच थांबल्या, त्या पार्श्वभूमीतच राहतात. अर्थात अर्जुन डांगळे संपादित ‘पॉयझन्ड ब्रेड’ (१९९२) या इंग्रजी संकलनातून हा लेख महाराष्ट्राबाहेर पोचला आणि दलित स्त्रीच्या शिक्षणानुभवाचे प्रातिनिधिक लेखन म्हणून वाचला गेला, यावरून त्याचे मोल या मर्यादांपलीकडचे आहे हे स्पष्ट होते.

समारोप

कामठीतील रात्रशाळेत दिवसभराच्या कामानंतर कंदिलाच्या उजेडात बसणाऱ्या मुलामुलींना अक्षर हवे होते. पुढच्या पिढीला पदवी हवी होती. आज कामठीहून रेल्वेने किंवा बसने नागपूरला शिकायला जाणाऱ्या विद्यार्थ्यांपुढे पदवीचा प्रश्न तितका कठीण राहिलेला नाही, पदवीनंतरच्या प्रतीक्षेचा प्रश्न मात्र कायम आहे. स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुले, नेट-सेट उत्तीर्ण होऊनही तासिका तत्त्वावर वर्षे काढणारे तरुण अध्यापक यांना पावडे यांच्या लेखाचा उत्तरार्ध अनोळखी वाटणार नाही.

अध्यापक-वाचकाला या लेखातून मिळणारा बोध दुहेरी आहे. वर्गात गोखले गुरुजी होणे शक्य आहे, आणि ते आवश्यकही आहे. एका शिक्षकाच्या सहज स्वीकाराने एक आयुष्य पुढे सरकते. परंतु तेवढ्याने भागत नाही. गुरुजींनी विद्या दिली, नेमणूक देणे त्यांच्या हाती नव्हते. जी व्यवस्था विद्यार्थ्याची आशा जागवते, तिने त्या आशेच्या पूर्तीचीही जबाबदारी घेतली पाहिजे. अन्यथा शिक्षण हे चिंतेचेच दुसरे नाव ठरते. विद्यार्थिनीला तिच्या स्वतःच्या आडनावानिशी नेमणूक मिळावी, एवढीच साधी मागणी ‘अंतःस्फोट’मधील हा लेख करतो. ती मागणी साधी आहे म्हणूनच तिचे उत्तर टाळता येत नाही.