चेरी-पिक केल्यावर झाडावर काय उरतं?

वादात कुणी एखादं उदाहरण दिलं की समोरून हमखास येतं, ‘चेरी-पिक करू नकोस.’ बोलणारा गप्प, विषय बंद. हे इंग्रजी क्रियापद मला आवडतं. पण हल्ली आपण ते ज्या पद्धतीने वापरतो, त्यात त्याची निम्मी अट गळून पडली आहे.

आधी मधली जोडरेघ बघा. ‘पिक चेरीज’ म्हणजे चेरी तोडा. तोडायच्या त्या चेरीच. जोडरेघेने चिकटवलं की फळ क्रियापदाच्या पोटात जातं आणि कर्माची जागा रिकामी होते. मग तिथे काहीही बसतं: आकडे, पुरावे, श्लोक, क्रिकेटचे सामने. बागेत मात्र निवडून तोडणं हा गुन्हा नाही. चेरी तोडल्यावर पिकत नाही, आंब्यासारखी अढीत घालून चालत नाही. म्हणून हाताने तोडणाऱ्याला पिकलेली ओळखता यावीच लागते. (गंमत म्हणजे अमेरिकेत मिशिगनमध्ये प्रक्रियेसाठीच्या आंबट चेरी यंत्राने झाड हलवून पाडतात. सगळ्याच खाली. म्हणजे तिथे चेरी काढताना चेरी-पिकिंग होतच नाही.)

याची शिवी होते ती टोपली दाखवून ‘अख्खी बाग अशीच आहे’ म्हटल्यावर. हवामानबदलाच्या वादातलं उदाहरण घ्या. १९९८ साली एल निनो जोरदार होता, ते वर्ष आजूबाजूच्या वर्षांपेक्षा बरंच तापलं. तापमानवाढ थांबली असं म्हणणाऱ्यांनी आलेख नेमका त्याच वर्षापासून सुरू केला. शिखरावरून मोजायला लागलं की पुढचा रस्ता सपाट दिसणारच! त्यासाठी एकही आकडा खोटा लिहावा लागला नाही. १९७० पासून मोजलं की चढ स्पष्ट दिसतो. २०१६ आणि २०२४ ने तर १९९८ ला मागे टाकलं. इथे आरोप टिकतो, कारण झाडावर सोडून दिलेली वर्षं बोट ठेवून दाखवता येतात.

प्रोग्रामर मंडळींकडे हेच क्रियापद अगदी सोज्वळ आहे. गिटमध्ये ‘चेरी-पिक’ ही कमांडच आहे. एका शाखेतला एखादाच बदल उचलून दुसऱ्या शाखेत आणायचा. नव्या आवृत्तीतली बगची दुरुस्ती जुन्या आवृत्तीला हवी, पण नव्यातलं बाकी काही नको, अशा वेळी ती कामाला येते. तिला ‘डॅश एक्स’ जोडलं तर बदल मुळात कुठून उचलला याची ओळ नोंदीत आपोआप लिहिली जाते. सगळ्या वापरांत मला हाच सर्वांत सभ्य वाटतो. वेचलं, आणि कुठून वेचलं तेही सांगितलं.

आपलं ‘निवडणं’ दोन्हीकडे चालतं. आंबे निवडताना आपण चांगले उचलतो. तांदूळ निवडताना खडे उचलतो आणि चांगलं ते ताटात राहतं. ‘निवडक’, ‘वेचक’ ही तर कौतुकाचीच विशेषणं. त्यामुळे चेरी-पिकला ‘निवडणं’ हा प्रतिशब्द पुरत नाही. ‘सोयीचं तेवढं उचलणं’ बरोबर बसतं. ‘सोयीचं’मध्ये हेतू येतो, ‘तेवढं’मध्ये मागे राहिलेलं.

हे ‘तेवढं’च आपण विसरतो. एखादी मुलगी सांगते, लोकलमध्ये माझ्या बाबतीत असं असं घडलं. लगेच उत्तर: चेरी-पिक करतेयस, सगळे तसे नसतात. पण सगळे तसेच, असं ती म्हणालीच नव्हती. तिने बागेबद्दल काही दावा केलेला नाही. हातात आलेलं एक किडकं फळ दाखवलंय. त्याला चेरी-पिक म्हणणं ही ऐकून न घेण्याची सोय आहे, बाकी काही नाही.

आम्हा समीक्षा लिहिणाऱ्यांवर मात्र हा आरोप खुशाल करा. चारशे पानांच्या कादंबरीतली दोन फसलेली वाक्यं उचलून तिची भाषा ढिसाळ ठरवणं फार सोपं असतं. उलट दिशेनेही तेच. सिनेमाच्या पोस्टरवर परीक्षणातलं ‘थक्क करणारा...’ एवढंच छापतात. त्या तीन टिंबांच्या जागी ‘कंटाळा’ होता का, हे मूळ परीक्षण उघडल्याशिवाय कळत नाही.